कदाचितरावांचा आवाज

माझा मामा तारांगणात निवेदक होता. दिवे मालवून घुमटावर तारे उमटले, की खालून हा माईकवर बोलायचा. लाडका विषय कृष्णद्रव्य. दीर्घिकांच्या कडेचे तारे इतक्या वेगानं फिरतात, की नुसत्या दिसणाऱ्या वस्तूंच्या ओढीनं ते जागेवर टिकायलाच नकोत. म्हणजे न दिसणारं काहीतरी त्यांना धरून आहे. काय, ते कुणालाच ठाऊक नाही.

मामा म्हणायचा, कदाचित ते जड कण आहेत, आपल्यातून आरपार जाणारे. कदाचित अतिशय हलके कण, लाटेसारखे वागणारे. कदाचित विश्वाच्या जन्मापासूनची छोटी कृष्णविवरं. किंवा कदाचित तसलं काही नाहीच, गुरुत्वाकर्षणाचा आपला नियमच एवढ्या लांबवर चालत नाही. प्रत्येक तर्काची बाजू तो सख्ख्या भावासाठी भांडावं तशी मांडायचा, आणि मग स्वतःच त्यातली खोट दाखवायचा. सहकारी त्याला कदाचितराव म्हणत. मामीनं जेवायला वाढू का विचारलं, तरी तेच उत्तर यायचं.

मग नवे संचालक आले. "लोकांना उत्तर हवं असतं, घोळ नको," हे त्यांचं म्हणणं. मामा निवृत्तीला आला होता, म्हणून त्याचं निवेदन ध्वनिमुद्रित करायचं ठरलं. मामा इतका हरखला, की मुद्रणाला कोट घालून गेला. आवाजाला कोट कशाला लागतो, ते त्यालाच माहीत.

खेळ अर्ध्या तासाचा, मुद्रण बरंच लांबलं. मग संकलकानं हलके कण उडवले, कृष्णविवरं उडवली, नियमाची शंका उडवली. जड कण तेवढे ठेवले आणि त्यांच्याआधीचं 'कदाचित' सफाईनं कापलं. मामाला कुणी विचारलंसुद्धा नाही. आठवलं की अजून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

पहिल्या खेळाला त्यानं आम्हाला हौसेनं नेलं. अंधार झाला आणि मामाच्याच आवाजात घुमट म्हणाला, "ते जड कण आहेत, आपल्यातून आरपार जाणारे." तेवढंच. मामी कौतुकानं त्याच्याकडे वळली, तर तो उभा राहिलेला.

"हा माणूस खोटं बोलतोय," मामा म्हणाला. "ते काय आहे, कुणालाच माहीत नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, खाली बसा. तुमच्यापेक्षा त्यांना जास्त कळतं."

"अहो, तो मीच आहे."

यावर सगळा घुमट हसला. रखवालदारानं माझ्या मामाला दंडाला धरून बाहेर काढलं.

मी संचालकांकडे गेले. "एका शब्दानं काय आभाळ कोसळतं का?" म्हणाले. मी जे बोलले ते छापण्याजोगं नाही. उपयोग शून्य. खेळ रोज चालू आहे.

आता मामाचा आवाज गावभर ओळखीचा झालाय. कुठं बोलला, की लोक थांबवतात, "तुम्हीच ना ते? आमच्या मुलीला आता सगळं पक्कं कळलं बघा." सुरुवातीला तो प्रत्येकाला समजावत बसायचा. लोक घड्याळ बघायचे. मग त्यानं बाहेर बोलणंच टाकलं. पावाच्या दुकानात काचेवर बोट ठेवतो, झालं.

परवा मी सोबत होते. दुकानदारीण माझ्या कानाशी वाकली. "बरं झालं तुम्ही आलात," ती म्हणाली. "बिचाऱ्यांना बोलता येत नाही ना, फार वाईट वाटतं."

तिच्यावर काय चिडायचं? मी पाव घेतला आणि मामाचा हात धरला.