मनगटावरची दोन बोटं

माझ्या सासूबाई कापड गिरणीत एकतीस वर्षं मागावर होत्या. मागांच्या खडखडाटात शेजारणीनं कितीही घसा फोडला तरी ऐकू येत नसे. शेजारच्या मागावर त्यांची धाकटी जाऊ होती. तिचं तान्हं मूल गिरणीच्या पाळणाघरात असायचं आणि माग सोडला की मुकादम अंगावर यायचा. एकदा तिचा रडवेला चेहरा बघून सासूबाईंनी डाव्या मनगटावर उजव्या हाताची दोन बोटं टेकवली. म्हणजे, तुझा माग मी सांभाळते, तू पोराला पाजून ये.

मग सगळ्याच बायका ती खूण करू लागल्या. पुढे ती रस्त्यावर आली, शाळेतल्या पोरांनी उचलली, गोल मारला की खेळाडूही करू लागले. तोवर गिरणीला टाळं लागलं होतं आणि सासूबाईंचे कान पार गेले होते.

गिरणी पाडून तिथं नगरपालिकेनं या खुणेचा पुतळा उभारायचं ठरवलं. शिल्पकार घरी आला. सासूबाईंचे हात बघून मला म्हणाला, "सांधे फार वाकलेत हो. बरं नाही दिसणार." त्यानं कुण्या तरुणीच्या हातांचा साचा घेतला. मी ते कागदावर लिहून दाखवलं, तर सासूबाई हसल्या. "खरंय त्याचं. मलाच या हातांचा कंटाळा आलाय."

अनावरणाला आम्हाला दोरीपाशीच अडवलं. "अहो, ही खूण यांचीच आहे," मी म्हटलं.

"सकाळपासून तुम्ही चौथ्या," पहारेकरी म्हणाला.

पडदा सरकला. चौथऱ्यावर कोरलं होतं, 'आनंदाने स्वागत'. सासूबाईंनी ते दोनदा वाचलं.

"स्वागत कुठलं गं? आम्ही तर एकमेकींना 'जा' म्हणायचो."

मी पालिकेला चार पत्रं लिहिली. एकदाचं उत्तर आलं: मजकूर समितीने मंजूर केला आहे, पुरावा असल्यास सादर करावा.

पुरावा म्हणजे धाकट्या काकू, सासूबाईंची तीच जाऊ. त्या आपल्या मुलाकडे अंथरुणाला खिळून होत्या. सासूबाई त्यांच्या उशाशी बसल्या आणि मनगटावर दोन बोटं टेकवली. काकूंनी त्या बोटांकडे बघितलं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या ओठांवरून सासूबाईंना ते कळलं. त्यांनी हात पदराखाली घेतला. परतताना एवढंच म्हणाल्या, "आता पत्रं बंद कर."

त्यानंतर त्या तीन वर्षं होत्या. दवाखान्यात जाताना पुतळ्याच्या चौकातून न्यायचं नाही, असं त्यांनी बजावलं होतं. मागच्या गल्लीला चढ होता. त्यांना धाप लागायची, दोनदा पायरीवर टेकावं लागायचं. तरी आम्ही तिकडूनच जायचो.