चढवलेली लय

गेली दोन वर्षं सगळे समजतात, की तो स्वतःच्या घाईने पाण्यात पडला. ते खोटं आहे. त्याला मी पाडलं.

तो आणि मी स्टील प्लांटच्या एकाच मिलमधून रिटायर झालो, रुआबांध्याच्या वस्तीत शेजारी राहिलो आणि एकाच भजन मंडळात वाजवलं. खंजिरी माझी, टाळ त्याचे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याच हिवाळ्यात त्याला लकवा मारला. डावा पाय ओढू लागला. वॉकर सोडून, आपल्या पायांनी भजनाला यायचं, एवढाच त्याचा हट्ट होता.

दुर्गला मोहन नगरात व्यायामासाठी कोमट पाण्याचा हौद आहे. आम्ही दोघंही तिथे जायचो. छातीभर पाण्यात चालायचं. पाण्यात अंग हलकं व्हायचं, तरी त्याचा पाय वेळेवर पडत नव्हता. थेरपिस्ट मुलीने ठोके देणारं मशीन लावलं.

"हे टिकटिक काय कामाचं बाई?" तो माझ्याकडे बोट करून म्हणाला. "याची खंजिरी लावा."

मुलगी हसली आणि मला म्हणाली, "अंकल, आप ही ठेका दीजिए. धीरे."

माझी पाळी संपली की मी काठावर बसून स्टीलच्या कठड्यावर बोटांनी ठेका धरायचो. त्याचा पाय चक्क समेवर पडू लागला. महिन्याभरात तो कठडा न धरता चालला. मी अजून लंगडतच होतो. ठेका माझा आणि कौतुक त्याचं. घरी बायकोही म्हणाली, "त्यायचं पाहा, कसे चालून राहिले!" मी अर्धं जेवलेलं ताट सरकवलं.

दुसऱ्या दिवशी मी लय चढवली. भजनात शेवटी चढवतात तशी, पण चोरून, थोडी थोडी. मुलगी दुसऱ्या पेशंटजवळ होती. तो विश्वासाने पाय उचलत गेला, अडखळला आणि पाण्याखाली गेला. मांडीचा स्नायू फाटला. "हाच घाई करून राहिला होता," मी सगळ्यांना सांगितलं. त्यानंतर त्याने हौद सोडला. भजनही सोडलं.

गेल्या रविवारी मी त्याच्या घरी जाऊन सगळं सांगून टाकलं. वॉकरवर हात ठेवून तो ऐकत होता.

"मालूम आहे मले," तो म्हणाला. "चाळीस वर्षं तुह्या खंजिरीवर टाळ वाजवले बे. तू चढवली, ते मले नाही कळणार?"

"मग बोलला कावून नाही?"

"तू कवा बोलतं ते पाहून राहिलो होतो. उद्या चाल हौदावर. पयले तू उतर. ठेका मी देतो."

दुसऱ्या दिवशी मी उतरलो. प्रत्येक ठोक्याला घाबरत पाय टाकला. त्याने लय एकदाही चढवली नाही. त्याच्या त्या हाताचाही मला हेवा वाटला.

मग तो उतरला. दोन वर्षांनी. मी काठावर बसलो, पण बोटं कठड्यावर टेकेनात.

"ठेका धर," तो पाण्यातून म्हणाला.