बोटभर बाहेर

पुण्यातल्या एका बॅडमिंटन स्पर्धेत मी रेषेवरचा पंच होतो. गुडघ्याच्या दोन शस्त्रक्रियांनंतर परतलेली, एकेरी खेळणारी एक इंडोनेशियन मुलगी पहिल्याच फेरीत हरली. तिचं शेवटचं शटल मीच बाहेर दिलं होतं. नंतर ती बोळात जमिनीवर बसून गुडघ्याची पट्टी सोडताना दिसली. मोडक्या इंग्रजीत तिनं विचारलं, "खरंच बाहेर होतं?"

मला ते नीट दिसलं नव्हतं. तरी म्हणालो, "हो, बोटभर."

"बरं झालं. आत पडलं असतं, तर अजून वर्षभर आशा धरली असती."

आयुष्यभराचा खेळ थांबवायलाही माणसाला कुणाचा तरी शब्द लागतो. ती भिंत धरून उठली आणि लंगडत निघाली. खरं सांगायला मी दोन पावलं तिच्यामागे गेलो आणि तिथंच थांबलो.