नानांची अकरा केळी

मंडळी, आज सकाळी मी जळगावच्या जुन्या फुटबॉल मैदानांची सहल ठेवली होती. ग्रुपवर "नक्की येणार" म्हणणारे पुष्कळ होते. प्रत्यक्षात आले एकटे नाना. पंचाहत्तरीचे, असोद्याहून एसटीने.

पहिल्या मैदानाच्या जागी आता पार्किंग आहे. मी पाठ करून आणलेली माहिती सांगत होतो आणि नाना सारखे रस्त्याकडे बघत होते. मग ते दोन रिक्षांच्या मधे जाऊन उभे राहिले. "अठी गोल होता. मी गोलकीपर."

त्यांच्या पिशवीत अकरा केळी होती. हाफटाइमला टीमसाठी केळी आणायचं काम त्यांच्यात गोलकीपरचं असायचं म्हणे.

"चला नाना, पुढचं मैदान दाखवतो."

"मैदानं मले माहीत हायेत रे भाऊ. टीममधलं कोनी भेटीन म्हनून आलो."

तिथल्याच एका पायरीवर बसून आम्ही एकेक केळं खाल्लं. उरलेली त्यांनी माझ्याकडेच दिली. घरी खायला दुसरं कुणी नाही म्हणाले.

ती नऊ केळी समोर ठेवून हे लिहितोय. तुमच्यापैकी कुणाचे वडील, काका नानांबरोबर खेळलेत का? असतील तर लवकर सांगा. केळी फार दिवस टिकत नाहीत.