भुजंगाच्या वर्कशापातल्या अकरा चपला

भुजंग माझ्या नणंदेचा लेक. अंगानं काडी, पण डोक्यात सदा काहीतरी शिजायलंय. सोताच्या लग्नात अंतरपाटाआडून भटजीला इचारायलाय, आधी जेवणं उरकली तर मांडवाचा येळ वाचंल का. नवरीनं, कमलबाईनं, तवाच पळून जायला पाहिजे होतं.

शहाऐंशी साली झरीच्या फाट्यावर त्याचं वर्कशाप होतं. एक भट्टी, एक लेथ, एक वेल्डिंग. लोक मोडलेलं सामान टाकायचे अन् नंबर म्हणून घरची एक जुनी चप्पल रांगेत ठेवायचे. ज्वारीच्या पेरणीआधी अकरा चपला झाल्या. शेडचे मालक दत्तराव म्हणाले, "शनवारी दिवस मावळायच्या आत समद्यांचं दे. न्हाईतर शेड दुसऱ्याला देतो."

नंबरानं गेलं तर समदं उरकायला मंगळवार लागत होता. एकाचा फाळ भट्टीत तापायलाय, तवर लेथ नुसता बसून, जावयावानी. मग भुजंग उकिडवा बसला. दोन चपलांची अदलाबदल करायची, खडूनं भुईवर तास मोजायचे, येळ कमी झाला तर ठेवायचं, न्हाईतर परत जागच्या जागी. असं करत ऐतवार दुपारवर आला अन् तिथंच रुतला. कुठल्याबी दोन बदला, वाईटच.

"मामी, आता काय करू?"

"जेवायला चल. उपाशी माणसाला चपलाबी भाकरीवानी दिसत्यात."

जेवून आलो तर मेंढरंवाला रायभान चपला लावायलाय. त्याची लोकर कातरायची कातर दुरुस्तीला होती.

"कुत्र्यानं इस्कटल्या होत्या," त्यो म्हणला. "आठवल्या तशा लावल्या."

त्याला धड काहीच आठवलं नव्हतं. ना पहिला नंबर, ना भुजंगाची मांडणी. भुजंगानं तास मोजले. बुधवार.

"दत्तरावला किल्ली देऊन ये बाबा," मी म्हणलं.

त्यो परत उकिडवा बसला. त्या इस्कोटातूनच परत दोन-दोन बदलत गेला. सोमवार झाला, ऐतवार झाला, अन् मग शनवार, दुपारचे चार.

"मामी, हातातली बरी मांडणी सोडवंना म्हणून मी अडकलो होतो. इस्कटली तवा वाट गावली."

तेवढ्यात आश्रुबा आला. त्याची पहिल्या नंबराची चप्पल शेवटाला गेलेली. "माझा नंबर कुणी सरकवला रे?"

"काका, शनवारी चारला तुमचा फाळ न्हाई दिला, तर हीच चप्पल हाना मला."

शनवारी आश्रुबा तीनपासूनच चप्पल हातात धरून बसला. चारला पाच कमी असताना फाळ त्याच्या मांडीवर आला. दत्तरावनं रिकामी शेड बघितली अन् घराची वाट धरली. आश्रुबा मात्र जरा हिरमुसला.

तवापासून कुठं अडलं की भुजंग सांगावा धाडतो, "रायभानदादा, या, जरा इस्कटून जा." रायभान येतो, चपला इकडच्या तिकडं करतो, चहा पितो अन् गावभर सांगतो, माझ्याबिगर भुजंगाचं पान हलत न्हाई.