समुद्रकोळ्याची दोन नावं

मी पांढुर्ण्याच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते आणि राहते सौसरला, बाबांजवळ. समुद्रकोळ्यांवर पीएचडी करायचं ठरवलं तेव्हा बाबा संत्रं सोलत बसले होते. एक फोड माझ्या हातावर ठेवत त्यांनी विचारलं, “इथून समुद्र केवढा दूर हाये, माहीत हाये ना तुले?”

पण माझं काम समुद्रावर जाण्याचं नव्हतंच. जुने शोधनिबंध वाचायचे, देशोदेशींच्या म्युझियममध्ये बाटल्यांत जपलेल्या नमुन्यांच्या नोंदी जमवायच्या आणि पिक्नोगोनम नावाच्या एका प्रजातीतल्या कोणत्या जाती कुठे सापडतात, ते नीट मांडायचं. हा जीव नखाएवढा, आठ पायांचा, जाडजूड. समुद्रफुलं म्हणतात त्या मऊ प्राण्यांना सोंड लावून रस पिणारा. तो खरा कोळीही नाही. सुरुवातीला कुणी त्याला जमिनीवरच्या लांब तंगड्यांच्या किड्यांत घातलं, देवमाशाच्या अंगावर राहतो असं समजून तसं नावही दिलं. स्वतःची प्रजाती त्याला नंतर मिळाली.

“म्हणजे बिचाऱ्याचा खाता दुसऱ्याच्याच नावावर होता,” बाबा म्हणाले.

बाबा पटवारी होते. बोरगावकडची शेतं, त्यांचे खसरा नंबर, बांध-धुऱ्यांवरून होणारी भांडणं यांत त्यांची नोकरी गेली. निवृत्तीनंतर त्यांचे हात रिकामे झाले होते. म्हणून मी त्यांना नोंदी वाचून दाखवायला सांगितलं. मी कॉम्प्युटरवर भरत जायची. आठवडाभरात त्यांनी जगाचा नकाशा आणून भिंतीला लावला आणि लाल शाईने ठिपके द्यायला लागले. उत्तर अटलांटिकचे खडक, हिंदी महासागराचं उथळ पाणी, थेट अंटार्क्टिका. शेजारचे काका आले की बाबा त्यांना नकाशासमोर उभं करायचे. “पोरगी पाहून राहिली, हा कुठंकुठं राहते ते.”

दिवाळीच्या सुट्टीत एका संध्याकाळी ते वाचतावाचता थांबले.

“हे दोन वेगळे कायले लिहिले?”

“वेगळ्या जाती आहेत, बाबा. एक बेटाजवळ सापडली, एक बंदराजवळ. दोन वेगळ्या म्युझियममध्ये आहेत, नावं दोन वेगळ्या माणसांनी दिली.”

“पण जहाज एकच हाये. दिवस एकच. पाण्याची खोलीही तेवढीच.”

“असू शकतं.”

“सावरगाव अन् पांढुर्ण्याच्या मधात जाम नदी हाये फक्त,” बाबा म्हणाले. “बाहेरच्या माणसानं सावरगावातून काही उचलून नेलं, तं डबीवर काय लिहीन तो? पांढुर्णा! कारण त्याची बस तिथं लागते.”

माझ्या प्रबंधाचा अख्खा तिसरा भाग त्या दोन जातींच्या फरकावर उभा होता. मी चिडले. “हा खसरा नाही आहे, बाबा!”

त्यांनी चष्मा काढला, “बरं,” म्हणाले आणि मोगऱ्याला पाणी घालायला गेले. ते ‘बरं’ मला फार लागलं. जेवतानाही आम्ही दोघं भाजीबद्दलच बोललो.

सुट्टी संपल्यावर पांढुर्ण्याच्या बसमध्ये मी दोन्ही जातींची मूळ वर्णनं मोबाइलवर उघडली. या प्रजातीत नराला पोटाखाली पायांची एक जास्तीची बारीक जोडी असते. मादीने घातलेली अंडी तोच तिथे चिकटवून आठवडेच्या आठवडे सांभाळतो. मादीला ती जोडी नसतेच. पहिल्या वर्णनात नमुने मोठे होते आणि त्यांना ती जोडी नव्हती. दुसऱ्यात नमुने लहान, जोडी आणि अंडी दोन्ही असलेले. हे मी किती वेळा वाचलं होतं! पण शेजारी ठेवून कधी वाचलं नव्हतं.

बस स्टँडवर उतरल्याउतरल्या मी घरी फोन लावला.

“बाबा, तुमचं बरोबर होतं. माद्या एका बाटलीत गेल्या अन् अंडी सांभाळणारे नर दुसरीत. जात एकच आहे.”

मग बाबांनी विचारलं, “अंडी कोण सांभाळते म्हणाली?”

“नर.”

“असं!” ते म्हणाले, आणि मला त्यांचं हसू ऐकू आलं.

मी दोन्ही म्युझियमना पत्रं लिहिली. फोटो यायला पावसाळा उजाडला. दोन्ही बाटल्यांतल्या जुन्या चिठ्ठ्यांवर एकच हस्ताक्षर होतं. तिसरा भाग पुन्हा लिहावा लागला, वर्ष वाढलं. गाईड मॅडम मात्र म्हणाल्या की माझ्या कामातलं सगळ्यात भक्कम पान हेच. आभाराच्या पानावर मी बाबांचं नाव घातलं. त्यांनी पुढे ‘निवृत्त पटवारी’ लिहायला लावलं.

प्रबंध बांधून आला तेव्हा त्यांनी तेच पान शोधून काढलं, जिथे दोन नावांचं एक झालं होतं. नियमाप्रमाणे आधीचं नाव टिकतं, हे मी त्यांना सांगितलं होतं.

“मंग त्या दुसऱ्या माणसाचं आपण खोडलं का?”

“खोडत नाहीत, बाबा. आधीच्या नावाखाली ते कायम लिहितात. कुणी दिलं, कधी दिलं, सगळं.”

नोकरीत त्यांनी कितीतरी माणसांची नावं कागदावरून कमी केली असतील. त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवलं, बारीक अक्षरातलं ते परकं नाव अडखळत वाचलं.

“मंग ठीक हाये,” ते म्हणाले. “मेहनत तं त्यानंही केली होती.”