मिलिटरीला हव्यात चार तुकड्या

तलासरीच्या नाक्यापासून डहाणूच्या समुद्रापर्यंत जेवढी लग्नं लागली, त्यातली निम्मी भटजींनी लावली आणि उरलेली आमच्या बँडच्या क्लॅरनेटवाल्या काकांनी, असं माझं ठाम मत आहे. अक्षता पडल्या म्हणजे लग्न झालं, हे काकांना मान्यच नव्हतं. वरात निघाली, क्लॅरनेट वाजलं आणि नवऱ्याचा मामा नाचून नाचून घाम पुसत बाजूला बसला, की मग ते म्हणत, "आता लागलं." माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, वराती राहत. तलासरीच्या बाजारात एखाद्या टक्कल पडलेल्या गृहस्थाला थांबवून ते विचारत, "तुमचाच घोडा ना, पुलावर बसला तो?" आणि तो गृहस्थ भाजीची पिशवी सावरत, लाजून हो म्हणे. माझं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्या लेखी मला ओळखच नव्हती. पहिल्या दिवसापासून मी 'बिनवरातीचा'. आज घरापासून इतक्या लांब, जिथे मराठी बोलायला माणूस शोधावा लागतो, तिथे मी छातीवर नावाची पट्टी लावून वाजवतो. पण त्या पट्टीवरचं नाव त्या हाकेइतकं आपलं वाटत नाही.

दहावी कशीबशी झाली आणि माझी शाळा तिथेच संपली. उधवा या आमच्या गावाहून तलासरीला येऊन बँडमध्ये खुळखुळे वाजवू लागलो. मी मुळात भित्रा. नवरीचा बाप नुसता माझ्याकडे बघायला लागला तरी माझा ठेका चुकायचा. काकांनी एकदा माझ्या हातातले खुळखुळे काढून घेतले, म्हणाले, "हे पाळण्यातल्या पोराला देतात," आणि स्वतःजवळचं जुनं, दुसरं क्लॅरनेट माझ्या हातात ठेवलं. का, ते आजही मला कळलेलं नाही. काका शिकवत मराठीत आणि रागावत गुजरातीत. "मराठीत रागावलो तर तू मनाला लावून घेशील," हे त्यांचं कारण. त्यातही क्लॅरनेटची पत्ती ओली राहावी म्हणून ती बहुतेक वेळ त्यांच्या ओठांत असे, त्यामुळे कुठल्या भाषेत बोलणी बसली ते नंतर विचारून घ्यावं लागे. वरातीत ते नाचणाऱ्यांकडे तोंड करून, उलटे चालत वाजवत. "ज्याच्यासाठी वाजवायचं त्याला पाठ कशी दाखवायची?" हायवेच्या कडेने ट्रक धडाधडा जात असत आणि काका मागे न बघता खड्डे चुकवत. मी घाबरून ओरडायचो, "काका, मागे गाडी आहे!" ते एका सुराची उसंत मिळाली की म्हणत, "माहितीय. हॉर्न बेसूर आहे तिचा." मीही तसाच उलटा चालायला शिकलो.

मग सुट्टीवर आलेल्या एका जवानाने सांगितलं की मिलिटरीच्या बँडमध्ये भरती आहे. चाचणीत वाजवायच्या संगीताचे कागदही त्याने माझ्या फोनवर पाठवले. मी ते घेऊन डहाणूजवळच्या आगरला, काकांच्या घरी गेलो. "आख्खं गाणं नाही वाजवायचं काका, मोठ्या मोठ्या गाण्यांमधले चार तुकडे आहेत." काकांनी दाराकडे तोंड करून हाक दिली, "ऐकलंस काय गं, मिलिटरीला चार तुकड्या हव्यात!" काकू अंगणात मासळी कापत होत्या. त्या तिथूनच म्हणाल्या, "सुरमईच्या की घोळीच्या?"

त्या क्षणापासून ते चार तुकडे घोळीचेच झाले. संथ सुरुवातीची ती डोक्याकडची तुकडी, लांब श्वासाची ती पोटाची, बोटं अडकायची ती काट्याची आणि सुर्रकन संपणारी ती शेपटीची. नोटेशन काकांना एका जुन्या बँडमास्तरांनी शिकवलेलं होतं, पण मला त्या पाच रेघांचं भय वाटे. काका मला किनाऱ्यावर घेऊन गेले. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते. "बघ. वरच्या दोरीवरचा वरचा सूर, खालच्या दोरीवरचा खालचा. हा एकटा लटकलाय तो लांब, हे एकमेकांना चिकटलेत ते झरझर. वाजव." मी घाबरत घाबरत बोंबील वाजवले. बोंबील वाळत घालणाऱ्या बायका हसल्या. पण नोटेशनचं भय गेलं ते गेलंच.

अडचण निराळीच निघाली. मला थांबता येईना. वरात दारात पोचेपर्यंत सूर सोडायचा नाही, हे अंगात इतकं भिनलेलं, की तुकडी संपली तरी मी आपोआप पुन्हा मुखड्यावर यायचो. काका डोकं धरून बसले; रागात गुजराती-मराठी एकत्र व्हायची. "अल्या, चाचणीवाला साहेब काय घोड्यावर बसलाय? सोड की!" शेवटी काकूंनी उपाय काढला. मी वाजवायचो, त्या मासळी कापायच्या आणि शेवटच्या सुराला कोयता लाकडाच्या ठोकळ्यावर असा आपटायच्या, की माझा श्वास जागच्या जागी थांबे. मी नीट थांबलो की काका समाधानाने म्हणत, "बराबर. साफ कापलीस."

बँडमधला ढोलवाला एकदा त्यांना म्हणाला, "काका, इतक्या वर्षांनी जोडीदार मिळाला, आणि तुम्हीच त्याला घालवायला बसलात?" मी मान खाली घातली. हा प्रश्न मलाही रोज छळत होता. काका पत्ती पुसत म्हणाले, "वरात कोणी घरात ठेवून घेतं का? ती जायलाच निघते."

चाचणीला मी पत्ती ओठांत धरूनच आत गेलो. चारही तुकड्या साफ कापल्या गेल्या. मग साहेब म्हणाले, "अब चलते हुए बजाओ।" मी क्लॅरनेट ओठांना लावलं, साहेबांकडे तोंड केलं आणि रुबाबात उलटा चालू लागलो. हॉलमध्ये एकच हशा. पण थांब म्हणेपर्यंत मी सूर सोडला नाही. साहेबांनी हात वर केला. ते हसत नव्हते. "ताल नहीं छूटा तेरा। किसने सिखाया?" मी म्हणालो, "हमारे काका ने।" ते म्हणाले, "अब सीधा चलके दिखा।" सरळ चालताना मात्र पाय अडखळले. पुढे नाचणारं कोणीच नव्हतं. तरी घेतलं त्यांनी मला.

मी फोन केला. काका एवढंच "काकूला सांगतो," म्हणाले आणि फोन बंद. काकूंनी नंतर सांगितलं, "दिवसभर बाजारात लोकांना सांगत फिरले, आमचा बिनवरातीचा लागला म्हणून. कोणाला काही कळलं नाही बघ."

इथे आम्ही क्लॅरनेटवाले पुष्कळ आहोत. एकाला श्वास घ्यायचा असला की शेजारचे सूर धरून ठेवतात, ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. काका आणि मीही तसंच करायचो. परवा परेडच्या मधोमध ते एकदम लक्षात आलं. संध्याकाळी फोन लावला. "काका, आता एकटेच वाजवता. श्वास कुठे घेता?"

"ढोलवाल्याला सांगून ठेवलंय," काका म्हणाले. "मी मान हलवली की तू जोरात बडव. तेवढ्यात घेतो."

"आणि लोक?"

"लोकांना काय कळतंय? तिथेच जास्त नाचतात."